मसाई माराचे तिकीट संध्याकाळी सहाला संपते

ऑगस्ट २०२५ मध्ये मी, पत्नी, मावसभाऊ आणि वहिनी असे चौघे आठ दिवसांसाठी केनियाला जाऊन आलो. जनावरे भरपूर दिसली. पण एका संध्याकाळी आमचे ८०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ७० हजार रुपये, अक्षरशः वाया गेले आणि तिकिटाचा एक नियम आधी कळला असता तर ते वाचले असते. म्हणून प्रवासाचा क्रम बाजूला ठेवून मी त्या नियमापासूनच सुरुवात करतो.

मसाई मारा या केनियातल्या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. हे दर २०२४ पासूनचे आहेत. दर बहुतेकांना ठाऊक असतात, परंतु त्यांच्यासोबत बदललेली दुसरी गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. पूर्वी तिकीट २४ तास चालत असे, त्यामुळे आज दुपारी तीनला आत गेलेल्या माणसाला आजची दुपार आणि उद्याची सकाळ एकाच तिकिटात पाहता येत असे. आता ते सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढेच चालते आणि त्यावर एकदाच आत जाता येते. दुपारी जेवायला बाहेर आलात तर तिकीट तिथेच संपले, आणि साडेतीनला आत गेलात तरी ते सहालाच संपणार.

आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘मसाई मारा, २ रात्री ३ दिवस, प्रवेशशुल्कासह’ असे लिहिले होते. पहिल्या दिवशी दुपारची सफारी, दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस आणि तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी सकाळची सफारी असा कार्यक्रम ठरला होता. नैरोबीहून सकाळी सातला निघून, वाटेत नारोकला जेवून, आम्ही सेकेनानी गेटजवळच्या तंबूंच्या मुक्कामी पोहोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. चहा घेऊन गाडीत बसलो, आणि गेटवर ड्रायव्हरने शांतपणे सांगितले की कंपनीने फक्त उद्याच्या तिकिटाचे पैसे भरले आहेत, आज आत जायचे असेल तर माणशी २०० डॉलर तुम्हाला भरावे लागतील. फोनवर कंपनीचे उत्तर असे होते की ‘प्रवेशशुल्कासह’ याचा अर्थ एका तिकिटासह. पत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तसे खरोखरच लिहिलेले होते आणि आमच्यापैकी कोणी ते वाचले नव्हते.

लांबच्या प्रवासाने अंग आंबलेले होते, समोर गेट होते, पलीकडच्या गवतात जिराफांच्या माना दिसत होत्या आणि वहिनींनी वर्षभर या दिवसाची वाट पाहिली होती. आम्ही पैसे भरले. पावती हातात पडून गाडी आत गेली तेव्हा ३ वाजून ४० मिनिटे झाली होती, म्हणजे ८०० डॉलरमध्ये चौघांना मिळून २ तास २० मिनिटे मिळाली. सेकेनानी गेट माराच्या पूर्वेकडे आहे, आणि विल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप जी ओलांडताना पाहायला ऑगस्टात जग तिथे लोटते ती मारा नदी पश्चिमेकडे, आतल्या रस्त्याने दीड-दोन तासांवर. तेवढ्या वेळात नदीपर्यंत जाऊन परतणे शक्यच नव्हते. गेटच्या आसपास झेब्रे, टॉपी हरणे आणि झाडाखाली झोपलेल्या दोन सिंहिणी पाहून आम्ही पावणेसहाला परत गेटवर आलो. याच सिंहिणी दुसऱ्या दिवशी, कंपनीने भरलेल्या तिकिटात, त्याच झाडाखाली, पुन्हा दिसल्या.

माझे स्पष्ट मत असे की दुपारी दोननंतर पोहोचणार असाल तर त्या दिवशी आत जाऊच नये. ताडोब्याला जाणाऱ्यांना फेरीगणिक तिकिटाची सवय असते, म्हणून दुपारची फेरी आपोआप हिशेबात धरली जाते. माराचा हिशेब वेगळा आहे. दुपारचा आणि पूर्ण दिवसाचा दर एकच असल्यामुळे एक पूर्ण दिवस हा दोन अर्ध्या दिवसांपेक्षा निम्म्या पैशांत पडतो आणि जनावरे दुप्पट दाखवतो. पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: एकूण किती तिकिटे धरली आहेत, ती कोणत्या तारखांची आहेत, मुक्काम राखीव क्षेत्राच्या आत आहे की बाहेर, आणि आत येण्याजाण्याचे गेट कोणते. ‘सर्व शुल्कासह’ या शब्दांवर समाधान मानू नये. आत मुक्काम असेल तर निघण्याच्या दिवशी सकाळी दहापूर्वी बाहेर पडावे लागते, नाहीतर त्या दिवसाचे तिकीट पुन्हा लागते, हेही आधीच विचारून ठेवावे. तिसऱ्या दिवशीची सकाळची सफारी आम्ही अर्थातच केली नाही.

दुसरी चूक गाडीची. छत वर उचलणारी साधी व्हॅन आणि चारही चाकांना जोर असणारी लँड क्रूझर यांत आम्हाला दिवसाला ८० डॉलरचा फरक सांगितला होता आणि आम्ही व्हॅन घेतली. ऑगस्ट हा तिथला कोरड्याकडे झुकणारा महिना असतो, पण मारात दुपारची सर केव्हाही येते, आणि माराच्या बऱ्याच भागात कापसाची काळी माती आहे. मी यवतमाळकडचा असल्यामुळे त्या मातीची ओळख नव्याने करून घ्यायची गरज नव्हती. पावसानंतर चपलेला किलोकिलोने चिकटणारी, पाऊल उचलू न देणारी तीच माती. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला अर्धा तास पाऊस झाला आणि तीनला एका उथळ ओघळीत आमची व्हॅन मागच्या चाकांच्या आसापर्यंत रुतली. ड्रायव्हरने चाके फिरवली तशी ती आणखी खाली गेली. खाली उतरून ढकलावे तर आजूबाजूला कमरेएवढे गवत होते आणि परवानगीशिवाय गाडीतून उतरायला बंदी आहे. त्या नियमाचे कारण सकाळीच आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले होते. तब्बल एक तास पन्नास मिनिटे आम्ही काचा लावून बसलो. दुरून तीन लँड क्रूझर त्याच ओघळीतून सरळ निघून गेल्या, चौथी थांबली आणि तिने दोर लावून आम्हाला ओढले. त्यानंतर उरलेला सगळा वेळ सहाच्या आत गेट गाठण्यात गेला.

पूर्ण दिवसाच्या तिकिटातले जवळजवळ तीन तास असे चिखलापायी गेल्यावर ८० डॉलर वाचवल्याचे समाधान उरत नाही. चौघांत तो फरक दिवसाला माणशी २० डॉलर होता. मारासाठी व्हॅन घेऊ नये, कोणत्याही महिन्यात घेऊ नये, आणि एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात तर मुळीच नको. नैरोबी ते नारोक आणि पुढे सेकेनानीपर्यंत रस्ता डांबरी असल्यामुळे ‘व्हॅन चालेल’ असे सांगितले जाते आणि ते गेटपर्यंत खरेच आहे, अडचण गेटच्या आत सुरू होते. आपल्याकडे ज्याला मुरमाचा रस्ता म्हणतात त्याला तिथेही ‘मरम’च म्हणतात. मुरमावर व्हॅन चालते, काळ्या मातीवर नाही.

आता त्याच दुसऱ्या दिवसाची सकाळ. सहाला गेट उघडताच आत शिरून आम्ही कुठेही न थांबता थेट नदीकडे गेलो. वाटेत चित्ता दिसत असतानाही ड्रायव्हर थांबेना तेव्हा राग आला, पण तो बरोबर होता. आठच्या सुमारास नदीच्या उंच काठापासून अंतर राखून गाडी उभी केली. पलीकडच्या उतारावर विल्डबीस्टांचा कळप जमत होता, पाण्यापर्यंत येत होता आणि परत फिरत होता. असे पाच वेळा झाले. अकरा वाजून वीस मिनिटांनी एक झेब्रा पाण्यात उतरला, त्याच्यामागे एक विल्डबीस्ट घसरले आणि मग सगळा उतारच खाली कोसळल्यासारखा झाला. धुळीत काही दिसेना, फक्त घोगऱ्या आवाजातले हुंकार आणि पाण्यावर आपटणारी अंगे ऐकू येत होती. आमच्या काठाला एक पिल्लू वर चढताना तीनदा घसरले आणि चौथ्यांदा गाडीपासून वीस-पंचवीस फुटांवर वर आले. त्याच्या नाकपुड्यांतून पाणी निथळत होते आणि पाय लटपटत होते. ते मागे वळून नदीकडे पाहत हंबरत राहिले. नऊ मिनिटांत सगळे संपले. त्या नऊ मिनिटांसाठी मी पुन्हा २०० डॉलर भरीन.

म्हणून नदी पाहायची असेल तर तो दिवस पूर्ण नदीलाच द्यावा आणि जेवणाचे डबे सोबत घ्यावेत. कळप साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर या काळात माराकडे असतात. नदी केव्हा ओलांडतील हे मात्र कोणीही सांगू शकत नाही, आणि खात्रीने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. काठावर एका वेळी कितीतरी गाड्या जमतात. ड्रायव्हरला पुढे घुसायला सांगू नका. गाड्या उतारावर आल्या की जनावरे बिथरून परत फिरतात. तसेच एका शिकारी प्राण्याभोवती पाचांहून अधिक गाड्या नसाव्यात असा तिथला नियम आहे आणि चांगला ड्रायव्हर तो पाळतो. दिवसभरात स्वच्छतागृहे फार थोड्या ठिकाणी मिळतात, त्यामुळे सोबत स्त्रिया असतील तर ती ठिकाणे सकाळीच ड्रायव्हरकडून समजून घेऊन मार्ग ठरवावा. आम्ही हे केले नाही आणि त्याचा त्रास पत्नीला आणि वहिनींना झाला.

ज्यांना गर्दी नको आणि थोडे जास्त पैसे परवडतात त्यांनी राखीव क्षेत्राला लागून असलेल्या मसाई लोकांच्या जमिनींवरील संरक्षित क्षेत्रांचा विचार करावा. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी आणि मारा नॉर्थ ही त्यांपैकी काही नावे. जमिनीचे मालक असलेल्या मसाई कुटुंबांना तिथे भाडे मिळते, मुक्कामांची संख्या मर्यादित असते, आणि राखीव क्षेत्रात ज्यांना परवानगी नाही अशा रात्रीच्या फेऱ्या आणि वाटाड्यासोबत पायी भटकंती तिथे करता येते. पुन्हा गेलो तर मी दोन रात्री तिथे राहीन आणि एकच पूर्ण दिवस नदीसाठी मारात जाईन.

नैवाशा आणि नाकुरू या तळ्यांवरचे तीन दिवस सुखात गेले. नाकुरूला गेंडे हमखास दिसतात, एवढे सांगून पुढे जातो. नाकुरूसारख्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र रोख पैसे घेत नाहीत. शुल्क सरकारी ई-सिटिझन व्यवस्थेतून आधीच भरलेले आहे याची खात्री करा.

निघण्यापूर्वीच्या तयारीत पिवळ्या तापाची लस सर्वांत आधी. केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होते, मात्र एकदा घेतले की आयुष्यभर चालते. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि नोंदणीला वेळ लागतो, त्यामुळे तिकिटे काढली त्याच आठवड्यात नाव नोंदवावे. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. हिवतापाच्या गोळ्याही त्यांनाच विचारून घ्याव्यात. व्हिसाऐवजी आता ऑनलाइन प्रवास परवानगी लागते आणि तिचे शुल्क सुमारे ३० डॉलर आहे. शोधल्यावर वर दिसणारी बरीच संकेतस्थळे दलालांची असून दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. ‘गो डॉट केई’ने संपणारा पत्ता सरकारी.

चिवडा, लाडू, थेपले प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून नेऊ नका. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून टाकायच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे, कापडी पिशव्या आणि आपली पाण्याची बाटली पुरेशी होते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, कारण चपाती तिथे ‘चपाती’ याच नावाने मिळते आणि ‘न्डेंगू’ म्हणजे आपले मूगच. आफ्रिका म्हणजे ऊन असे समजून आम्ही एकेक पातळ स्वेटर नेला होता. मारा दीड हजार मीटरहून उंचावर आहे आणि ऑगस्टात पहाटे छत उघडल्यावर वारा हाडांत शिरतो. कानटोपी आणि जाड जाकीट हवेच.

डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्याव्यात, जुन्या किंवा दुमडून फाटलेल्या नोटा कोणी घेत नाही. मोबाइलवरून पैसे देण्याची एम-पेसा सोय सर्वत्र आहे आणि पासपोर्ट दाखवून सिमकार्ड मिळते. वाटेतल्या रिफ्ट व्हॅली या मोठ्या खचदरीच्या कड्यावर ड्रायव्हर ज्या दुकानांत गाडी थांबवतात तिथे काहीही घेऊ नये. लाल चौकड्यांची जी मसाई चादर तिथे ४० डॉलरला सांगितली, ती नारोकच्या बाजारात आम्हाला ८०० शिलिंगला, म्हणजे सहा-सात डॉलरला मिळाली.

परतीच्या दिवशी माई माहियूच्या घाटात मालट्रकांच्या रांगेत आम्ही सव्वा तास अडकलो. संध्याकाळचे विमान असेल तर माराहून सकाळी सातच्या आत निघावे, आणि लसीचे पिवळे पुस्तक सामानात न टाकता पासपोर्टसोबत हातातच ठेवावे.