गोरिलाला बारा, पोर्तुगालला सहा

रविवारी पहाटे चारच्या सुमाराला मी अंथरुणात बसून एका गोरिलासाठी रडकुंडीला आले होते.

युरोव्हिजन ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: मुख्यतः युरोपातले देश दरवर्षी एकेक गाणं पाठवतात, गाणं तीन मिनिटांत संपवायचं, मग सगळे एकमेकांना गुण देतात, सर्वात आवडत्याला बारा. स्वतःच्या देशाला देता येत नाहीत. ही गोष्ट 2017 ची: 42 देश होते, अंतिम फेरीत 26, ठिकाण कीव. तिथला 13 मेचा रात्रीचा कार्यक्रम आपल्याकडे 14 तारखेला मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. हे सोयीचं, कारण माझा मोबाइलचा एक जीबी बाराच्या ठोक्याला नव्याने मिळतो. पण त्यात साडेतीन तास निभवायचे तर चित्र 240 वर ठेवावं लागतं. 240 वर सगळे गायक एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात. गोरिला मात्र ओळखू येतो.

तर गोरिला इटलीचा. फ्रान्चेस्को गब्बानी गातो आणि त्याच्या शेजारी गोरिलाच्या वेषातला माणूस नाचतो. फेब्रुवारीत हे गाणं सानरेमोला, म्हणजे इटलीतल्या गाण्यांच्या स्पर्धेत, जिंकलं तेव्हापासून मी ते भांडी घासताना म्हणतेय. सट्टेवाल्यांच्या यादीतही महिनोन्‌महिने तेच वर होतं. माझ्या चौकटीच्या वहीत चार रकाने असतात: गाणं, आवाज, रंगमंच, वेडेपणा. इटलीला बारा गुण मी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच पेनाने लिहून टाकले होते. सॅक्सोफोनवाल्या मोल्दोव्हाला दहा. रॅपमध्ये योडेलिंग, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली करत गाणं, घुसवणाऱ्या रोमानियाला आठ. वेडेपणाच्या रकान्यावर माझा थोडा जास्तच जीव आहे, हे मान्य.

अकरावा आला पोर्तुगाल. साल्व्हादोर सोब्राल. बाकीच्यांकडे मागे भिंतभर दिवे, अझरबैजानने तर शिडीवर घोड्याचं डोकं घातलेला माणूस बसवलेला. आणि हा मुख्य रंगमंच सोडून प्रेक्षकांच्या मधोमध एका छोट्या चौथऱ्यावर उभा. ढगळ काळा कोट, मागे बांधलेले केस, कुणी नाचणारं नाही. वाल्ट्झच्या लयीतलं जुन्या वळणाचं गाणं, त्याच्या बहिणीने, लुईझाने लिहिलेलं. हृदयाच्या आजारामुळे तो कीवला उशिरा पोचला, तोवर तालमींमध्ये त्याच्या जागी तीच उभी राहून गायली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी सहा दिले आणि शेजारी लिहिलं, ‘झोप येतेय’.

तेवढ्यात आजी पाणी प्यायला उठली.

“न्हिदूंक ना गो बाय अजून?” असं म्हणत माझ्या खोलीच्या दारात आली आणि तिथेच थांबली. मी इयरफोन लावले नव्हते. दारातूनच म्हणाली, “हो पुर्तुगेज मरे!”

आजी ऐंशीची. आमच्या गोव्यात, फोंड्यातल्या घरात बोलणं कोकणीतून, वाचणं-लिहिणं मराठीतून, आणि आजीची शाळा पोर्तुगीजमधून, सेगुंद ग्रावपर्यंत. शाळेत हातावर लाकडी फळी खाऊन पाठ केलेल्या पोर्तुगालच्या नद्या तिला अजून येतात: मिन्यु, दोरु, तेजु. पण या भाषेचं आमच्या घरी कौतुक नसतं. आजोबांचे थोरले भाऊ पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले. 1961 ला पोर्तुगीज गेल्यावर आजीने ती भाषा कपाटाच्या तळाशी ठेवल्यासारखी ठेवली. कधी जुनं विक्रीपत्र वाचायचं असेल तरच बाहेर निघते.

आणि आता ती पलंगाच्या कडेला बसून, फोन कानाजवळ धरून, ओठ हलवत ऐकत होती. गाण्याचं नाव ‘अमार पेलुश दोइश’. मी त्याचं भाषांतर वाचलं होतं, आजीने एका वाक्यात उरकलं: “एकट्यान दोगांखातीर मोग करप.” समोरच्याला जमत नसेल तर त्याच्याही वाटचं प्रेम मीच करतो, असा मामला. मग म्हणाली, किती स्पष्ट बोलतो हा, शब्द गिळत नाही. फळीवाल्या मास्तरणीलासुद्धा आवडला असता.

मी सहाचे सात केले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता.

मतदान सुरू झालं तशी माझी वही एकेक चौकट करत खोटी पडू लागली. आधी देशोदेशींच्या परीक्षकांचे गुण: पोर्तुगाल 382, बल्गेरिया 278, इटली फक्त 126. तरी आशा होती, लोकांना गोरिला आवडणारच. 2016 ते 2018 लोकांच्या मतांची बेरीज कमीपासून चढत्या क्रमाने वाचत. म्हणजे नाव जितकं उशिरा, तितकं बरं. इटली आली 208 ला. एकूण 334, सहावा क्रमांक. बल्गेरियाला 337 मिळाले तेव्हा फक्त एक नाव उरलं होतं, आणि उरलेला आकडा त्याहून मोठा असणार हे उघडच होतं. खरं तर निकाल तिथेच लागला. निवेदक मात्र उगाच ताणत बसले. पोर्तुगालला 376 मिळाले, एकूण 758.

पोर्तुगाल 1964 पासून येतोय. पहिल्याच वर्षी शून्य गुण, 1997 ला पुन्हा शून्य, 2016 ला तर आलाच नव्हता. तोवरची सर्वोत्तम मजल 1996 चा सहावा क्रमांक. तो सहावा या वेळी इटलीच्या पदरात, आणि सहा माझ्या वहीत.

मग साल्व्हादोर बोलला. आजचं संगीत वापरून फेकायचं झालंय, संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना, अशा अर्थाचं. इथे माझं डोकं सणकलं. अरे बाबा, जिंकलास, छान झालं, पण ज्या पंचवीस जणांसोबत आठवडाभर राहिलास त्यांच्या ताटात का खडा टाकतोस? ते घोड्याचं डोकं, तो सॅक्सोफोन, त्यांच्यासाठीच तर मी दरवर्षी जागते. पण नंतर त्याने बहिणीला वर बोलावलं आणि दोघं मिळून गायली. एक ओळ ती, एक तो. 240 वर दोन ठिपके एकमेकांकडे वळलेले दिसत होते. राग फार टिकला नाही. आजी केव्हाच भिंतीला टेकून झोपली होती, फोनकडे तोंड करून.

सकाळी शेजारचे अंकल मिसाहून परतताना दारात थांबले. त्यांचा भाचा लिस्बनला असतो, त्याने झोपूच दिलं नाही म्हणे. एकाच दिवसात पोप फातिमाला, बेन्फिका हा फुटबॉल क्लब सलग चौथ्यांदा लीग विजेता, आणि वर हे. फादू (तिथलं पारंपरिक गाणं), फुटबॉल, फातिमा (तिथलं तीर्थक्षेत्र) हे पोर्तुगालचं जुनं त्रिकूट, त्यातलं फादू तेवढं राहिलं, तिथे हा वाल्ट्झ आला. अंकलना मी वही दाखवली नाही.

दुपारी आजीला ते गाणं पुन्हा लावून दिलं. तिने शांतपणे पूर्ण ऐकलं, मान हलवली. मग पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला तो नेमका गब्बानीचा. आजी पदर तोंडाला लावून हसत सुटली. संपल्यावर डोळे पुसून म्हणाली, “तें माकड परतून दाखय गो.”

मी चित्र 720 वर केलं. डेटा गेला खड्ड्यात.