पक्कड

सकाळी सहाला पेलिंगच्या हॉटेलात चहा घेत होतो, तेव्हा काकूंनी माझ्याकडे पक्कड मागितली. बॅगेची चेन अडकली असेल असं वाटून मी हॉटेलवाल्याकडून आणून दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

मी सांगलीत टूर लीडरचं काम करतो, चौदा वर्षं झाली. ऑक्टोबरातली ही सिक्कीमची सहल बावीस जणांची होती. बहुतेक सांगली-मिरजेचे, दोन कुटुंबं तासगावची. काकू एकट्याच आल्या होत्या. वय अडुसष्ट, गावभागात घर, गुडघे जरा कुरकुरणारे. पण पाच दिवसांत एकदाही गाडीला उशीर केला नव्हता.

त्या दिवशी नशिबाने ढग नव्हते. कांचनजंगा पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उघडा होता, आधी गुलाबी आणि मग बघता बघता पांढराशुभ्र. गच्चीवर सगळे फोटो काढत होते. अशा वेळी मी जे नेहमी सांगतो तेच सांगितलं. उंची 8,586 मीटर, जगातलं तिसरं शिखर, आणि सिक्कीमच्या लोकांचा हा देव आहे. 1955 साली पहिल्यांदा वर गेलेल्या ब्रिटिश गिर्यारोहकांनी शिखराला पाय लावणार नाही असा शब्द दिला होता आणि तो पाळला. माथा अगदी थोडक्यावर राहिला असताना ते थांबले आणि उतरले. "एवढ्या वर जाऊन?" तासगावचे एक काका म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत, त्या डोंगराकडेच बघत होत्या.

तिथून खेचियोपालरीच्या तळ्याला सव्वा-दीड तास लागतो. रस्ता खालवर होत जंगलातून जातो, वाटेत वेलदोड्याचे मळे लागतात. तळं पेलिंगपेक्षा खाली, साधारण 1,700 मीटरवर आहे. बौद्ध आणि हिंदू दोघंही ते पवित्र मानतात. मनातली इच्छा पुरी करणारं तळं, अशी त्याची ख्याती. चहूबाजूंनी झाडी असूनही पाण्यावर पान दिसत नाही, पडलं तर पक्षी उचलून नेतात, असं तिथले लोक सांगतात. तळ्याच्या जन्माचीही एक गोष्ट आहे. पूर्वी तिथं खाजकुइलीसारख्या, अंगाला आग लावणाऱ्या झुडपांचं रान होतं. लेपचा, म्हणजे सिक्कीमच्या मूळ रहिवाशांपैकी, एक जोडपं त्या झुडपांची साल काढत असताना आकाशातून शंखांची जोडी पडली, जमीन हादरली आणि पाणी वर आलं. 2025 मध्ये हे तळं जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. त्याला जपायला गावाला त्या यादीची गरज नव्हती, पण झालं ते बरंच झालं.

यातलं बरंचसं मी गाडीत सांगितलं. तिथं वागायचं कसं, हे मात्र सांगितलं नाही. निघण्याआधी विश्रामबागच्या ऑफिसात आम्ही मीटिंग घेतो. तीत आधार कार्ड, स्वेटर, गुडघ्याच्या गोळ्या, प्लास्टिकच्या बाटल्या सगळं येतं. सिक्कीममध्ये 1 जानेवारी 2022 पासून बाटलीबंद पाण्यावर बंदी आहे, म्हणून प्रत्येकाला घरची बाटली आणायला लावतो. एवढं सगळं सांगणारा मी, तळ्यावर वागण्याबद्दल एक वाक्य बोललो नव्हतो. माणसं देवभोळी आहेत, पवित्र जागी आपोआप नीट वागतील, असं मी धरून चाललो होतो.

गाडीतळापासून तळ्यापर्यंत झाडांतून सपाट पायवाट आहे. दोन्ही बाजूंना बांबूंवर पताका, काही कोऱ्या, काही पावसाने विरून धागे झालेल्या. शेवटी लाकडी धक्का पाण्यात गेलेला आहे, कडेने प्रार्थनाचक्रांची रांग. चपला-बूट अलीकडेच काढायचे. रात्री पाऊस झालेला, फळ्या गार आणि ओल्या, चार पावलांत मोजे भिजले. आमचे ड्रायव्हर पुढे होते, त्यांना आम्ही दाजू म्हणायचो, नेपाळीत थोरला भाऊ. एकेक चक्र उजव्या हाताने फिरवत, ओठांत काहीतरी म्हणत. मागून आमची माणसंही फिरवू लागली. कोणी न सांगता आवाज खाली आले.

आणि तेवढ्यात 'डुबुक्' झालं.

तासगावच्या काकांनी नाणं टाकलं होतं. हात जोडून, डोळे मिटून, मनापासून टाकलं होतं. रेल्वेच्या पुलावरून नदी लागली की आपण टाकतोच ना, तसं. नाण्याची वर्तुळं धक्क्याखालून पसरत गेली. दाजूंचा हात चक्रावर थांबला. ते ओरडले नाहीत, काही बोललेही नाहीत. वर्तुळं विरेपर्यंत पाण्याकडे बघत राहिले, मग टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. काकांच्या वतीने त्यांनी माफी मागितली असावी असं मला वाटलं. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, ते एवढेसे झाले. "मला कुठं माहीत ओ," म्हणाले. खरंच होतं. सांगायचं काम माझं होतं.

मी मागे वळलो तर काकू फळीवर मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात फिकट पातळाच्या चिंधीत गुंडाळलेला तांब्याचा गडू, हातात पक्कड. गंगेचा असतो तसाच गडू, मूठभर, तोंड झाळून बंद केलेलं.

"काकू, काय आहे हे?"

"कृष्णामाई."

हरिपूरच्या संगमावर, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथून त्यांनी पाणी भरलं होतं. कासाराकडून तोंड झाळून घेतलं होतं. पाच दिवस गडू बॅगेत साड्यांच्या घडीत होता. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात काकूंच्या घरात देवघराच्या फळीपर्यंत पाणी चढलं होतं. त्या आणि त्यांचे यजमान शेजारच्यांच्या गच्चीवर बसून होते. पूर उतरल्यावर चिखलात देव तसेच जागेवर सापडले. तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, नदी आपल्या घरी येऊन गेली, आता आपण तिला कुठंतरी लांब न्यायचं. डोंगरातल्या पाण्याला भेटवायचं. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले, म्हणून एकट्या आल्या.

"काशीचं पाणी रामेश्वरला नेतात की," त्या म्हणाल्या. "तसंच हे. अर्धं ओतते, अर्धं ठेवते."

आता यांना कसं सांगायचं? नाणं टाकणाऱ्याला अडवणं सोपं होतं. इथं बाई देवाला देव भेटवायला आलेली. कृष्णेचं पाणी घाण आहे असं काकूंना म्हणायची माझी छाती नव्हती. आणि खरं तर प्रश्न घाणीचा नव्हताच. आपली नदी वाहती आहे. दिवा सोडला, निर्माल्य सोडलं, ओटी सोडली की पुढं जातं, दिसेनासं होतं. म्हणून पाण्याला द्यायचं म्हणजे पाण्यात सोडायचं हे आपल्या हाडीमाशी आहे. इथं डोंगरांच्या ओंजळीत धरलेलं पाणी, जे पडेल ते त्याच ओंजळीत राहणार. आणि तिथली माणसं त्यात पान राहू देत नाहीत.

असंच काहीतरी मी अडखळत सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. त्यांनी दाजूंकडे बघितलं आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, चालेल का. दाजू उकिडवे बसले. गडूत काय आहे ते नीट समजून घेतलं, आधी गडूला हात जोडले. मग हळूच म्हणाले, आमच्यात यात बाहेरचं काही घालत नाहीत, आई. तुमचं पाणी मोठं आहे, पण घालत नाहीत.

काकू बराच वेळ गप्प होत्या. पलीकडच्या झाडीत कुठलासा पक्षी एकसारखा बोलत होता. मग त्यांनी पक्कड माझ्या हातात दिली.

"सकाळी म्हणालास ना, ती माणसं वर जाऊन अलीकडं थांबली?"

"होय काकू."

"मग झालं."

त्यांनी चिंधी सोडली, गडू धक्क्याच्या कडेला तळ्याकडे तोंड करून ठेवला. पर्समधली कुंकवाची डबी काढली, बोट बुडवलं, पण कुंकू पाण्याकडे न नेता गडूलाच लावलं. "भेटायला अंगाला अंग लागलंच पाहिजे असं कुठाय," म्हणाल्या, मला की गडूला कुणास ठाऊक. आणि बसून राहिल्या. अर्धा तास तरी झाला असेल. मी गाड्यांना उशीर करत नाही, तेवढ्या बाबतीत मी कडक आहे. त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही. बाकीची माणसंही कोणी न सांगता काकूंच्या मागे फळ्यांवर बसली. तासगावचे काका सर्वांत मागे, हात मांडीवर.

उठताना गडू पुन्हा चिंधीत गेला. दाजूंनी तो स्वतःकडे मागून घेतला आणि गाडीपर्यंत दोन्ही हातांत धरून आणला.

सांगलीत परतल्यावर चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. हरिपूरला सोड म्हणाल्या. मी मोटरसायकलवर त्यांना घेऊन गेलो. संगमेश्वराचं दर्शन घेतलं, घाटाच्या पायऱ्या एकेक करून उतरलो. पावसाळा सरलेला, पाणी निवळत आलेलं, दोन नद्यांच्या दोन रंगांची रेघ अजून पुसट दिसत होती. शेवटच्या पायरीवर काकूंनी हात पुढं केला.

"आता दे पक्कड."

माझ्या टूलकिटमधली दिली. झाळलेलं झाकण सहज निघेना. माझ्या हातात देईनात, स्वतःच हळूहळू उचकटलं. पाणी संथपणे नदीत ओतलं. गडू पालथा धरून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबल्या.

"जाऊन आलीस बघ," त्या नदीला म्हणाल्या.