पंधरा की पन्नास

कागदावर बघाल तर तो लेसन चांगलाच होता, आणि मला त्याचाच त्रास होतोय, म्हणून लिहायला बसलेय.

मी बडोद्याला जर्मन शिकवते. क्लास रावपुऱ्यात, आणि सध्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त नर्सेस, गुजराती, मराठी, बऱ्याचशा मलयाळी. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळायला बहुतेक राज्यांत भाषेची बी२ ही पातळी लागते, त्यामुळे या मुली नाइट करून, घरी जाऊन दोन-तीन तास पडून, दुपारी क्लासला येतात. बाहेरच्यांना वाटतं जर्मन म्हणजे डेर-डी-दास या नामाआधीच्या आर्टिकल्सचं पाठांतर. खरी अडचण ही की समोरचीचे डोळे मिटत असतात आणि तिच्याकडून तुम्हाला अक्कुझाटिव, म्हणजे कर्माची विभक्ती, काढून घ्यायची असते. वरून एजंटांनी सहा महिन्यांत बी२ करून देतो म्हणून पैसे घेऊन ठेवलेले असतात. या लोकांचा मला मनापासून राग येतो.

तर त्या दिवशी आमच्याकडे टीचर ट्रेनिंग करणाऱ्या एका मुलाचा डेमो लेसन होता आणि मी मागच्या बाकावर फॉर्म घेऊन बसलेले. मुलगा दांडिया बाजारातला, मराठी घरचा, हुशार आणि खूप मेहनती. लेसन प्लॅन त्याने जीव ओतून केलेला, कुठल्या मिनिटाला जोडीत काम, कुठल्या मिनिटाला गटात, फळ्यावर कुठला शब्द कुठल्या रंगात, सगळं आखलेलं. उद्दिष्ट अक्कुझाटिव, आणि विषय शिफ्ट बदलताना द्यायचा हँडओव्हर, ज्याला तिकडे युबरगाबं म्हणतात. कार्डं त्याने घरी बसून बनवलेली, पेशंटचं नाव, शुगर, काय द्यायचं, किती, किती वाजता.

बॅचमधली सगळ्यात लहान मुलगी उठली. तिच्या कार्डावर शुगर २१० आणि इन्सुलिन १५ युनिट. शुगर तिने बरोबर सांगितली, मग म्हणाली, "हेर म्युलर बेकोम्ट डेर इन्सुलिन, फ्युन्फत्सिश आइनहाइटन." मुलगा लगेच, अगदी गोड आवाजात, "दास इन्सुलिन." ती म्हणाली, "दास इन्सुलिन." तो म्हणाला, "प्रीमा!" आणि पुढच्या कार्डाकडे वळला.

तेवढ्यात आमच्या मोठ्या बेन जवळजवळ ओरडल्याच, "पचास? अरे, पेशन्ट मरी जशे!"

मोठ्या बेन म्हणजे कित्येक वर्षं आयसीयूत काढलेली बाई. क्लासमध्ये गप्प असतात, व्याकरण कच्चं आहे, डाटिव ही दुसरी विभक्ती तर त्यांच्या वाटेलाच जात नाही. तिचं कार्ड त्यांना दिसतही नव्हतं. २१० शुगरला एकदम ५० युनिट हे त्यांच्या कानाला सहनच झालं नाही, बास.

आता हे आकडे. पंधरा म्हणजे फ्युन्फत्सेन आणि पन्नास म्हणजे फ्युन्फत्सिश. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टीत जोर वेगळ्या ठिकाणी पडतो म्हणून कान सावध होतो, जर्मनमध्ये दोन्हीत जोर पहिल्याच अक्षरावर, फरक सगळा शेपटीत. सेन लांब ओढायचं, सिश आखूड. आणि फ्युन्फत्सिशचं शेवटचं अक्षर लिहिताना जी, बोलताना तिसरंच काहीतरी, जे ना गुजरातीत आहे ना मराठीत. तेरा-तीस, चौदा-चाळीस, सगळ्यांची हीच गत. हे आपण ए१च्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीच्या, पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि टिक मारून मोकळे होतो. नंतरच्या पुस्तकांत आकडे आकड्यांतच छापलेले असतात, त्यामुळे मुलगी १५ बघते, मनात आपल्या भाषेत पंधरा म्हणते आणि पुढे जाते, जिभेला वळण लागतच नाही. बी१पर्यंत पोचलेल्या मुली त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. खरं तर जर्मनमध्येही आपल्यासारखाच एकम आधी येतो, तीन आणि मग पन्नास, आपल्याला हे सोपं जायला हवं, पण सगळं इंग्रजीतून फिरवून आणायची सवय लागलेली.

बेन ओरडल्यावर ती मुलगी रडवेली झाली, "मला पंधराच म्हणायचं होतं" असं दोनदा म्हणाली. मग बेन उठून पुढे आल्या आणि निम्मं गुजरातीत, निम्मं जर्मनमध्ये सांगायला लागल्या की आमच्या वॉर्डात इन्सुलिन दोघी जणी चेक करतात, फोनवर ऑर्डर आली तर परत म्हणून दाखवायची, आणि फिफ्टीन असं नुसतं कधी सोडायचंच नाही, फिफ्टीन, वन-फाइव्ह असं म्हणायचं. मग स्वतःच म्हणाल्या, "फ्युन्फत्सेन, आइन्स-फ्युन्फ." इतक्या वर्षांत मी हे कुठल्या पुस्तकात बघितलेलं नाही, आणि किती बरोबर आहे! जर्मन माणसंसुद्धा फोनवर दोनला त्स्वाय न म्हणता त्स्वो म्हणतात, कारण त्स्वाय आणि तीनचं द्राय कानाला सारखं लागतं. मी मागूनच हे सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग जागा झाला, नाइट केलेल्या मुलीसुद्धा. त्या मुलाचं कौतुक एवढ्यासाठी की त्याने बेनना थांबवलं नाही, खडू त्यांच्या हातात दिला आणि बाजूला उभा राहिला. प्लॅनमधली शेवटची दोन कामं राहूनच गेली.

नंतर फीडबॅकला आम्ही दोघं बसलो. मी विचारलं, पन्नास का सोडलंस? म्हणाला, "ताई, खरं सांगतो, मला पन्नास ऐकूच आलं नाही. मी आर्टिकल ऐकत होतो." माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. आपण ट्रेनिंगमध्ये त्याला हेच शिकवलंय, उद्दिष्ट अक्कुझाटिव असेल तर कान अक्कुझाटिववर ठेव. समोरची काय सांगतेय हे ऐकायला आपण वेगळं शिकवतच नाही, ते आपोआप येईल असं धरून चालतो. डेर इन्सुलिन म्हटलं तर जर्मनीतल्या वॉर्डात कोणाचंही काही बिघडणार नाही, हे त्यालाही कळतं. विचारल्यावर कळतं.

आणि तो फॉर्म! चुकांची दुरुस्ती वेळेवर केली का, हो. सौम्यपणे केली का, हो. उद्दिष्टाला धरून केली का, हो. तिन्ही टिका खऱ्या आहेत, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. वेळेच्या नियोजनाचे गुण मात्र कापावे लागतात, म्हणजे ज्या दहा मिनिटांत वर्ग खरोखर काही शिकला त्याचेच. मी ते कापले नाहीत, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कारण लिहिलं आणि सही केली. आमच्या मुख्य बाईंना ते आवडलेलं नाही. सगळ्या ट्रेनींना एकच माप हवं असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच चूक आहे असंही मला म्हणवत नाही, मागच्या बाजूवर प्रत्येक जण मनाला येईल ते लिहायला लागला तर ट्रेनी कोणाकडे दाद मागणार? पण मग शिक्षकाने आशय ऐकला का, असा एक रकाना पुढच्याच बाजूला हवा, हे मी त्यांना दोनदा सांगून झालंय आणि परत सांगणार आहे.

त्या लहान मुलीची बी१ची बोलायची परीक्षा जवळ आलीय. १०० पैकी ६० लागतात आणि ती ते मिळवेल, डेर-दास चुकलं तरी मिळवेल. पण घाईत विचारलं की अजूनही तिच्या तोंडून कधीकधी पंधराचं पन्नास होतं. बेननी तिला स्वतःची पार्टनर करून घेतलंय, दोघी पाठीला पाठ लावून बसतात आणि कार्ड न बघता एकमेकींना डोस सांगतात, चुकलं की परत पहिल्यापासून. त्या मुलाच्या पुढच्या डेमोचा विषय मी बदलायला लावलाय, फोनवर औषधाची ऑर्डर घेणं. या वेळी उद्दिष्टाच्या रकान्यात काय लिहायचं, असं त्याने विचारलंय आणि त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.