जामिनावर असताना दुसरी केस, आणि वर चढलेली ती दोन वर्षं

मी कॅलिफोर्नियात अपिलाच्या केसेसचे कागद वाचायचं काम करते, त्यामुळे हे कधीचं लिहायचं होतं. शिक्षा झाली की माणसाबरोबर तुरुंगात एक फॉर्म जातो, अॅब्स्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट म्हणतात त्याला, त्यात एन्हान्समेंटच्या, म्हणजे मूळ शिक्षेवर चढवलेल्या जादा शिक्षेच्या, रकान्यात कधीकधी 12022.1 असं कलम असतं आणि पुढे 2 चा आकडा. म्हणजे एका फेलनीत, गंभीर गुन्ह्याच्या केसमध्ये, जामिनावर बाहेर असताना दुसरी फेलनी केली, म्हणून आणखी दोन वर्षं, आणि तीही मूळ शिक्षेला जोडून, बरोबरीने भोगायची सोय नाही. घरचे तो आकडा बघतात आणि गप्प बसतात, की आता काय, जामिनावर तर होताच ना तो.

पण ही दोन वर्षं उभी असतात पहिल्या केसच्या जिवावर! तिचा निकाल लागला नसेल तर ती स्थगित ठेवावी लागतात, तिच्यातून माणूस निर्दोष सुटला तर कायमची स्थगित, आणि तिथला दोषी ठरवल्याचा निकाल अपिलात उलटला तर नव्याने खटला होईपर्यंत थांबतात. 2014 मध्ये प्रपोझिशन 47 हा मतदारांनी मंजूर केलेला कायदा आला, छोट्या चोऱ्या आणि स्वतःपुरते ड्रग्ज बाळगणं फेलनीऐवजी मिसडिमिनर, म्हणजे हलका गुन्हा, झालं, मग 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण आलं, एका माणसाची पहिली केस फेलनीवरून मिसडिमिनरवर आली होती पण दुसरीतली दोन वर्षं तशीच होती, कोर्टाने ती काढायला लावली. मला हा निकाल फार योग्य वाटतो, पायाच राहिला नाही तर वरचा मजला कशावर ठेवणार?

दुसरा मुद्दा जज्जच्या हातातला. 1 जानेवारी 2022 पासूनच्या कायद्याप्रमाणे एन्हान्समेंट काढायची का हे ठरवताना मानसिक आजार, लहानपणीचे आघात, एकाच केसमध्ये अनेक एन्हान्समेंट लावलेल्या असणं, या गोष्टींना जज्जने मोठं वजन द्यायचं असतं. पण हे सगळं शिक्षेच्या दिवशीच बोलायला हवं, तेव्हा वकिलाने तोंड उघडलं नाही तर अपिलात सरकारी वकील म्हणतात मुद्दा सोडून दिलात, आणि बऱ्याचदा कोर्टालाही ते पटतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण भोगायचं त्या माणसाला असतं, वकिलाला नाही.

फेडरल कोर्टात तर अजून कडक, तिथे नवा गुन्हा फेलनी असेल तर वरची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि अपिलाची नोटीस द्यायला फक्त 14 दिवस. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात फेलनीला 60. गुन्हा कबूल करून डील केलं असेल आणि त्या कबुलीलाच आव्हान द्यायचं असेल तर ट्रायल कोर्टाचं वेगळं सर्टिफिकेटही लागतं, ते विसरू नका.

आणि कोणाच्या घरी अशी वेळ आलीच तर अपिलाच्या वकिलाला पहिल्याच दिवशी दोन्ही केसचे नंबर द्या, कारण दुसऱ्या केसच्या रेकॉर्डमध्ये पहिलीचे सगळे कागद सहसा नसतात आणि पहिलीत पुढे काय झालं हे त्यातून कळत नाही.