हाँगकाँगच्या टेकडीवरचा जपानी मनोरा

मार्चमध्ये अझेलिया फुलतात, तेव्हा हाँगकाँगचं गव्हर्न्मेंट हाउस एक दिवस सगळ्यांसाठी उघडतं. आम्हीही रांगेत उभे राहिलो. फुलांचे ताटवे डोळे निववणारे होते, पण माझी नजर सारखी वर जात होती. इंग्रज गव्हर्नरसाठी 1855 मध्ये बांधलेल्या या पांढऱ्या वाड्यावर चक्क जपानी धाटणीचा मनोरा आहे. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँग जपान्यांच्या ताब्यात असताना त्यांनी वाड्याची डागडुजी केली, तेव्हाचा. तेव्हा इथले गव्हर्नर होते लेफ्टनंट जनरल रेन्सुके इसोगाई.

इसोगाईंची कारकीर्द चढउतारांची. चीनमध्ये लष्करी प्रतिनिधी म्हणून राहिलेला माणूस. 1938 मध्ये ताइअरच्वांगच्या लढाईत त्यांच्या दहाव्या डिव्हिजनला चिनी सैन्याने जबर तडाखा दिला. पुढच्या वर्षी मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहानला रशियनांनी क्वांतुंग आर्मीचा, म्हणजे मांचुरियातल्या जपानी सैन्याचा, धुव्वा उडवला, त्या वेळी तिचे चीफ ऑफ स्टाफ हेच. त्या पराभवानंतर त्यांना सेवेतून बाजूला केलं गेलं. फेब्रुवारी 1942 मध्ये त्यांना परत बोलावून हाँगकाँग हाती दिलं.

टेकडी उतरून आम्ही एचएसबीसी बँकेपाशी आलो. इमारत आता नवी आहे. इसोगाईंचं मुख्यालय होतं ते जुन्या इमारतीत. दारातले ब्राँझचे दोन सिंह मात्र तेच, 1935 चे. जपान्यांनी ते वितळवायला जहाजातून नेले होते, पण नशिबाने ते वाचले आणि परतले. जबडा उघडलेल्या सिंहाच्या मागच्या अंगावर 1941 च्या लढाईतली भोकं आहेत. त्यातल्या एकात करंगळीचं टोक घालून पाहिलं. कडा गुळगुळीत झाल्यात, आत मात्र धातू अजून खरखरीत लागतो.

इथली म्हातारी माणसं जपानी अंमलाला 'तीन वर्षं आठ महिने' एवढंच म्हणतात. माणशी रोजचा तांदूळ साधारण 240 ग्रॅम, आणि 1944 च्या एप्रिलपासून सर्वसामान्यांना तोही बंद. खायला घालायची तोंडं कमी व्हावीत म्हणून लोकांना शहराबाहेर घालवलं. सोळा लाखांची वस्ती सहा लाखांवर आली. हे आकडे वाचताना पोटात कालवतं. घरातले हाँगकाँग डॉलर देऊन लष्करी येन, म्हणजे जपानी सैन्याने काढलेल्या नोटा, घ्यायची सक्ती झाली, चार डॉलरला एक येन. जपान हरल्यावर त्या येनची रद्दी झाली.

कॅट स्ट्रीटवर एका आजीबाईंच्या मांडणीत तसली एक नोट दिसली. पातळ, पिवळट, घडीवर फाटलेली. आजींनी ती माझ्या तळहातावर ठेवली. त्यांच्या आईने अशा नोटांची चळत कित्येक वर्षं डब्यात जपून ठेवली होती म्हणे.

इसोगाईंना 1947 मध्ये नानजिंगच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. 1952 मध्ये ते सुटले आणि पुढे पंधरा वर्षं जपानमध्ये जगले. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर तानाका हिसाकाझू यांना ग्वांगजौमध्ये गोळ्या घातल्या.

नोट मी विकत घेतली नाही. आजींनी ती पुन्हा प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली.