ग्वाल्हेरहून गाडीने औली: शेवटच्या पंधरा किलोमीटरची तयारी

लेकीला स्कीइंग शिकायचं होतं आणि मला स्वतःची गाडी घेऊन जायचं होतं. ग्वाल्हेरहून ‘जवळ’ म्हणावं असं स्कीइंगचं ठिकाण एकही नाही, सगळी सात-आठशे किलोमीटर किंवा त्याहून लांब. मग उतार कुठला भारी हा वाद बाजूला ठेवला आणि प्रत्येक ठिकाणचे शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर तेवढे तपासले. हिवाळ्यात डोंगरात बेत फसतो तो तिथेच.

गुलमर्गचा बर्फ भरवशाचा, तिथला गंडोला (केबल कार) थेट 3,900 मीटरच्या वर नेतो. पण जम्मूच्या पुढे रामबनच्या पट्ट्यात दरड आली की महामार्ग बंद, आणि टंगमर्गच्या वर बर्फात चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच सोडतात. तिथे विमानानेच जावं. नारकंडा अंतराने जवळ, शिमल्याच्या पुढे साठ-पासष्ट किलोमीटर, पण उतार छोटा आणि बर्फ पडला तर पडला. सोलंग मनालीपासून जेमतेम तासाभरावर, मात्र 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर गाड्यांची रांग हटत नाही. शिकणाऱ्या मुलीला त्या गर्दीत सोडायची माझी तयारी नव्हती.

राहिली उत्तराखंडातली औली, जोशीमठच्या वरची. तिथे गढवाल मंडल विकास निगम या सरकारी पर्यटन संस्थेचे स्कीइंगचे कोर्स चालतात, उतार शिकाऊ माणसाला सोसवणारा आहे, आणि 2011 मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळ तिथे झालेले. अडचण एवढीच की जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी 2023 पासून तिथला रोपवे बंद पडला. म्हणजे जोशीमठहून औलीपर्यंतचा वळणावळणांचा चढ गाडीनेच चढायचा. औलीतही बर्फाची खात्री कुणी देत नाही, कमी बर्फामुळे तिथल्या स्पर्धा रद्द झालेल्या आहेत. म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरला आणि बर्फ पडल्याची खबर येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग केलंच नाही.

गाडीची तयारी ट्रान्सपोर्ट नगरात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सर्वांनाच सवय. त्या पाण्याने कूलंट इतकं पातळ होतं की थंडीत ते गोठू शकतं आणि गोठताना फुगून इंजिनच फोडू शकतं. उस्तादांनी सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. हे मिश्रण उणे 35 च्या आसपासही टिकतं, औलीला पुरून उरतं. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणीही काढून न गोठणारं द्रव भरलं. बॅटरी जुनी होती, ती बदलली. कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यापर्यंतही उतरू शकतो आणि नेमकं तेव्हाच इंजिनला जास्त जोर लागतो. टायरची नक्षी कायद्याने 1.6 मिलिमीटर असली तरी चालते, पण बर्फावर चार मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, म्हणून पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. आपली गाडी पेट्रोलची, तेव्हा डिझेल गोठण्याची चिंता नव्हती.

साखळ्या टायरच्या मापाच्याच लागतात आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला त्या पुढेच लावायच्या. कॉलनीच्या अंगणात, हातमोजे घालून, मी आणि लेक दोघंही त्या लावायला शिकलो. शेजारचे शर्माजी गच्चीवरून विचारते झाले, “क्यों भाईसाहब, लश्कर में बर्फ गिरने वाली है क्या?” लश्कर म्हणजे ग्वाल्हेरचाच एक भाग. हसू दे. अंधारात, बोटं बधिर झालेली असताना हे शिकता येत नाही.

खरा धोका आधी सपाटीवरच भेटतो. चंबळ ओलांडून आग्र्याला यमुना एक्सप्रेसवेला लागलो की धुकं. तिथे 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी लहान गाड्यांची वेगमर्यादा 100 वरून 75 वर आणतात, आणि ती पाळावीच. पहाटे लवकर निघायचा आमच्या मराठी घरांचा हट्ट इथे सोडला, ऊन वर आल्यावरच निघालो.

ऋषिकेशच्या पुढे जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटर, आधी गंगेच्या आणि देवप्रयागपासून अलकनंदेच्या कडेने. रात्री त्या रस्त्यावर वाहतूक रोखतात, त्यामुळे दिवस मोजूनच चालायचं. मुक्काम जोशीमठला न करता अलीकडे पीपलकोटीला केला. ते बरंच खाली असल्याने सकाळी गाडीवर बर्फ साचलेला नसतो. हँडब्रेक ओढून ठेवला तर थंडीत तो अडकून बसू शकतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावायचे.

औलीच्या चढावर उन्हातला रस्ता कोरडा आणि सावलीतलं वळण काचेसारखं. तो पातळ बर्फ दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. दुसरा गिअर, हळू आणि एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक जवळजवळ नाहीच. अर्ध्यावर एक जीपवाला थांबून म्हणाला, “भैजी, यहीं चेन लगा लो, ऊपर जगह नहीं मिलेगी.” लगेच लावल्या, थोडं अंतर जाऊन पुन्हा आवळल्या. साखळीवर चाळिसाच्या आतच राहायचं आणि डांबर लागताच काढायच्या, नाहीतर साखळीही तुटते आणि टायरही जातो. उतरताना चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. 2017 च्या वाहतूक नियमांतच ते आहे, पण डोंगरात पाळणारे स्थानिकच.

लेक पहिल्या दिवशी फक्त पडायला आणि उठायला शिकली. शेवटी शेवटी वळायला लागली. नंदादेवी मात्र रोज दिसली.

साखळ्या आता माळ्यावर पडून आहेत. ग्वाल्हेरमधल्या कुणाला पुढच्या हिवाळ्यात जायचं असेल आणि टायर 185/65 आर 15 असेल, तर घेऊन जा. वापरून झाल्यावर धुऊन, वाळवून परत करा म्हणजे झालं.