लाइट गेली तर पाणी खंय जातलां?

प्रवाळांसाठीची, खाऱ्या पाण्याची सहा फुटी काचेची टाकी अखेर घरात आली. आठ जणांनी मिळून उचलली आणि पडवीतल्या लोखंडी स्टँडवर ठेवली. १८० बाय ७५ बाय ६० सेंटिमीटर, १५ मिलिमीटर जाडीची साधी काच. वरच्या बाजूची भोकं टाकी चिकटवायच्या आधीच पाडून घेतली. भरली की पाणी, काच, दगड मिळून वजन टनाच्या घरात जाणार, म्हणून खाली जुना कोबा फोडून नवा काँक्रीटचा थर घातला. लेव्हल आमच्या मेस्त्रींनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेच काढली. सहा फुटांत दोन मिलिमीटरचा फरक निघाला, तो स्टँडच्या पायाखाली पत्री घालून मारला.

मालवणात बाबांचं हार्डवेअरचं दुकान मी चालवते, त्यामुळे पाइप, एल्बो, युनियन हे माझं रोजचं बोलणं. तरी या टाकीच्या पाइपांचा आराखडा काढायला मला चार महिने लागले. मेस्त्रींना पहिला कागद दाखवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "ताई, लाइट गेली तर पाणी खंय जातलां?"

लाइट गेली तर पाणी कुठे जाणार, ह्याच प्रश्नाने मला एकदा रडवलं आहे.

माझी आधीची टाकी तीन फुटी होती. खाली कपाटात संप, म्हणजे गाळणीची दुसरी टाकी. वरचं पाणी ओसंडून संपमध्ये येतं, पंप ते पुन्हा वर चढवतो. वर चढवणाऱ्या पाइपचं तोंड मी पाण्याखाली १२ सेंटिमीटर ठेवलं होतं. लाइट गेली की पंप थांबतो आणि तोच पाइप उलटा सायफन होऊन वरचं पाणी खाली ओढू लागतो. ते होऊ नये म्हणून मी दुकानातलाच एक चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह, बसवला होता, शिवाय पाइपला पाण्याच्या रेषेवर हवा घेणारं बारीक भोक पाडलं होतं. जूनमध्ये एका रात्री दोन वाजता लाइट गेली. एनआरव्हीच्या झडपेत चुन्याच्या नळीतला एक बारका किडा घर करून बसला होता, झडप पुरती मिटली नाही. भोकावर गुलाबी शेवाळाची टणक साय चढली होती. त्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे चार लिटर. बारा सेंटिमीटरचे ४८ लिटर खाली आले, संपमध्ये जागा होती १८ लिटरची. उरलेलं तीस लिटर खारं पाणी जमिनीवर पसरलं, आणि जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड होता. लाइट परत आली तेव्हा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, पडला म्हणून घरातली माणसं वाचली. आता एकही बोर्ड जमिनीवर नाही, आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन नेली आहे. वायरवरून पाणी ओघळलं तर ते झोळातून ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

माझ्या आजोळी खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाला उघाडी होती. भरतीचं पाणी दार दाबून बंद करायचं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडायचं. एनआरव्ही म्हणजे तीच उघाडी. आजोबा पावसाळ्यात रोज बांधावर जाऊन दारात ओंडका, दगड अडकलाय का ते हात घालून बघायचे, कारण एक रात्र दार उघडं राहिलं तरी भाताच्या शेतात खारं पाणी शिरायचं. पाइपच्या आत रोज हात घालता येत नाही. म्हणून नव्या टाकीत एनआरव्ही लावलेलाच नाही.

त्याऐवजी हिशेब केला. १८० गुणिले ७५, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेतेरा लिटर खाली येणार. परतीच्या, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या, पाइपचं तोंड पाण्याखाली फक्त दोन सेंटिमीटर ठेवायचं. तोंड उघडं पडलं की हवा शिरते आणि सायफन आपोआप तुटतो. हवेचं भोक आहेच, पण हिशेब करताना ते बुजलेलं आहे असंच मी धरते. दोन सेंटिमीटरचे २७ लिटर, वरचं पाणी ओसंडून ज्यात पडतं त्या मागच्या खोक्यात साचलेले १४, पाइपांमधले चारेक. एकूण ४५. संप १२० बाय ५०, म्हणजे तिथे सेंटिमीटरला सहा लिटर. पाणी साडेसात सेंटिमीटर चढणार. संपची उंची ४५ आणि चालू पातळी २५ ठेवली, तर वर वीस सेंटिमीटर मोकळे राहतात. ही मोकळी जागा बघून कुणीही म्हणेल की संप वाया गेला. मला तर सगळ्या टाकीत तीच जागा सर्वात प्यारी आहे.

खाली येणारे पाइप तीन, तिन्ही दीड इंची. मेस्त्रींना एकच पुरेसा वाटत होता, आणि पाणी नेण्यापुरता तो खरंच पुरेसा आहे. पहिला पाइप गच्च भरून वाहतो, हवा नाही, म्हणून आवाजही नाही. त्याला गेट व्हॉल्व्ह लावला. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो, त्याने पातळी बारीक जुळवता येत नाही. दुसऱ्या पाइपातून थोडंसं पाणी भिंतीला धरून उतरतं. पहिल्याने जे नेलं नाही ते हा नेतो. तिसऱ्याचं तोंड सगळ्यात उंच आणि एरवी कोरडं. पहिल्यात गोगलगाय जाऊन बसली तर पाणी तिसऱ्यापर्यंत चढेल, आवाज होईल आणि मला कळेल. लाइट परत आल्यावरही दुसऱ्या पाइपचं काम मोठं असतं. तेव्हा संप भरलेला असतो, पहिल्याचं खालचं टोक खोल बुडालेलं असतं, आतली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. तोवर दुसराच ओझं वाहतो.

पंपाच्या खोक्यावर तासाला ८००० लिटर लिहिलं आहे. दीड मीटर उंची आणि वाटेतली वळणं धरली की हातात साडेचार हजारांच्या आसपास येतात. एवढे पुरतात, कारण संपमधून तासाला टाकीच्या पाच-सहापट पाणी फिरलं की झालं. पंपाचं तोंड एक इंची असलं तरी पाइप सव्वा इंची घेतला, आणि जमेल तिथे एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावले. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगते. पितळ कुठेच नाही. तांब्याचा अंश माशांना एखादवेळ चालेल, पण कवचाच्या आणि प्रवाळाच्या जिवांना तो विष आहे.

टाकीच्या आतला प्रवाह वेगळा. तो परतीच्या पंपावर सोडायचा नाही. ओहोटीला आमच्याकडच्या खडकांवर झोअँथिडचे, म्हणजे प्रवाळांच्या मऊ भाऊबंदांचे, हिरवट-तपकिरी गालिचे उघडे पडतात. एकदा मी अर्धा तास एकाच हातभर डबक्यावर वाकून बसले होते. लाट आली की सगळी तोंडं एका बाजूला झुकायची, परतताना दुसऱ्या बाजूला, आणि मधे क्षणभर उभी राहायची. त्या क्षणात त्यांच्यावरचा रेतीचा कण निघून जायचा. एकाच दिशेने सतत मारा केला तर हे होत नाही. म्हणून समोरासमोर दोन वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच पाणी ढवळणारे छोटे पंप, आळीपाळीने चालणारे. मिळून तासाला टाकीच्या वीसेकपट पाणी हलेल.

खडकावरचं मी काही उचललेलं नाही, उचलणारही नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, आणि कठीण सांगाड्याची प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माझ्याकडे फक्त मऊ जाती येतील, त्याही हौशी लोकांनी टाकीतच वाढवून वाटलेल्या. पाणीही समुद्राचं नाही. पावसात कर्ली आणि गड नदीचं गोडं पाणी किनाऱ्याला मिसळतं, खारटपणा उतरतो, गाळ येतो. आरओच्या पाण्यात मीठ कालवायचं, एकूण तीसेक किलो लागेल.

तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, कित्येक दिवस लाइट नव्हती. इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी तीस वॉटवरही एवढे दिवस काढत नाही. म्हणून तिच्यावर फक्त एक वेव्हमेकर, तोंड वरच्या बाजूला करून. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की प्राणवायू मिळत राहतो.

काल विहिरीच्या पाण्याने पहिली चाचणी घेतली. संपवर पेन्सिलने खूण केली आणि मेन स्विच पाडला. साडेसातऐवजी पाणी पावणेदहा सेंटिमीटर चढलं. मेस्त्री काही न बोलता वर चढले आणि परतीच्या पाइपच्या तोंडाला पट्टी लावून बघितली. एल्बो किंचित खाली झुकला होता, तोंड दोनऐवजी तीन सेंटिमीटर बुडालं होतं. चिकटवायचं सोल्युशन अजून लावलेलं नव्हतं, म्हणून हाताने फिरवून सरळ केला.

"आता परत बंद करा," ते म्हणाले.

केलं. दोघंही संपसमोर उकिडवे बसलो. पाणी चढत चढत खुणेच्या वर साडेसातला आलं, थोडं हललं आणि थांबलं. मेस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढून तिथे दुसरी रेघ मारली.